गुडघे साठीनंतरही साथ देतील: चाळिशीतच लावून घ्यायच्या सवयी

गुडघा कुरकुरू लागला की घरातला पहिला सल्ला ठरलेला असतो: "आता जिना चढू नकोस, चालणं कमी कर, जरा जप." सल्ला मायेपोटीच असतो, पण बहुतेक वेळा उलटा पडतो. चालणं कमी झालं की मांडीचे स्नायू सैल पडतात, वजन वाढतं आणि आधी फक्त जिन्यावर दुखणारा गुडघा काही महिन्यांत सपाट रस्त्यावरही दुखू लागतो. न वापरता सांधा टिकत नाही. तो रोज वापरायचा असतो. मात्र भार पेलण्याइतकी ताकद भोवतालच्या स्नायूंत हवी आणि वर लादलेला भारही बेताचा हवा. या लेखातल्या बहुतेक सवयी याच दोन गोष्टींसाठी आहेत.

वय, अनुवंशिकता आणि रजोनिवृत्तीनंतर बायकांमध्ये वाढणारा धोका आपल्या हातात नाही. त्यामुळे संधिवात होणारच नाही अशी हमी कुणी देत असेल तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका. पण धोका कमी करणं आणि दुखणं काही वर्षं पुढे ढकलणं पुष्कळ जणांना जमू शकतं.

पहिली पायरी: कोणता संधिवात टाळायचा आहे ते ओळखा

आपण सरसकट 'संधिवात' म्हणतो त्यात शंभराहून जास्त प्रकार मोडतात. घराघरात दिसतो तो झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिस. त्यात गुडघा काम केल्यावर दुखतो, बसलं की बरं वाटतं आणि सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो.

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, वेगळा. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजतात, सकाळी तास-तासभर मूठ वळत नाही आणि तो तिशी-चाळिशीतही गाठतो. गाऊटमध्ये रक्तातलं युरिक ॲसिड वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साचतात. बहुतेकदा पायाचा अंगठा रात्रीतून लालबुंद होतो आणि चादरीचा स्पर्शही सहन होत नाही.

शेजारच्या काकूंना लागू पडलेला उपाय तुमच्या आईला का लागू पडत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. खालच्या बहुतेक पायऱ्या गुडघ्याच्या झिजेसाठी आहेत. बाकीच्यांचं शेवटाकडे सांगितलं आहे.

दुसरी पायरी: आज कुठे उभे आहात ते मोजा

साधी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी करून घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाचा आकडा १४ च्या खाली आणि बाईचा १२ च्या खाली गेला, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे असं समजतात. पंचेचाळिशीतच तुमचा आकडा तेवढा येत असेल, तर तिसरी पायरी आजच सुरू करा. उठताना दुखलं किंवा तोल गेला तर तिथेच थांबा.

मग कंबर मोजा. भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर आहे. बॉडी मास इंडेक्सही (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) आपल्याकडे २३ च्या पुढे गेला की जास्त धरतात. युरोपातला २५ चा आकडा आपल्याला लावून खूश होऊ नये.

तिसरी पायरी: मांडीत ताकद आणा

एकच सवय लावून घ्यायची असेल तर ही लावा. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याचा मुख्य आधार आहे. पाऊल टेकताना बसणारा हादरा तो आधी स्वतः झेलतो; तो कमकुवत असेल तर तोच हादरा थेट सांध्यावर जातो. जोडीला कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू आणि पोटऱ्याही हव्यात. जिम लागत नाही, एक सतरंजी आणि एक खुर्ची पुरते.

- मांडी आवळणं: पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबा, पाच-सहा सेकंद धरा, सोडा. प्रत्येक पायाने १० ते १५ वेळा. ज्यांचा गुडघा आधीच दुखतो त्यांनी इथून सुरुवात करावी.
- पाय सरळ उचलणं: पाठीवर झोपा, एक गुडघा वाकवून ठेवा, दुसरा पाय ताठ ठेवून फूटभर उचला. पाच सेकंद धरा आणि सावकाश खाली आणा. १० वेळा, मग पाय बदला.
- कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं: पाय किंचित मागे ठेवा, नाहीतर काम दुसराच स्नायू करतो. १० वेळा.
- खुर्चीतून उठबस: हात न टेकता उठा आणि तीन आकडे मोजत हळू बसा. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया गेला. ८ ते १२ वेळा, थोडं थांबून अशाच आणखी दोन फेऱ्या.
- टाचा उचलणं: ओट्याला हात टेकून चवड्यांवर उभं राहा, सावकाश खाली या. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत सहज होतं.

हे आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक करा. मधला दिवस स्नायूंना सावरायला लागतो. रोज तासभर आणि मग महिनाभर काहीच नाही, हा आपल्याकडचा नववर्षी नमुना काही कामाचा नाही. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. सोपं वाटू लागलं की खुर्चीऐवजी थोडं बुटकं स्टूल घ्या, किंवा घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधा.

दुखलं तर? शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरा. व्यायाम करताना तीन-चारपर्यंतचं दुखणं चालतं, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं, किंवा गुडघा सुजला, तर व्यायाम सोडू नका. पुढच्या वेळी निम्मा करा.

चौथी पायरी: रोज चाला, पण अंतर हळूहळू वाढवा

हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि तो द्रव आत-बाहेर खेळता राहतो तो दाब पडण्या-सुटण्यामुळे. म्हणजे चालताना कूर्चा नुसती घासत नसते, जेवतही असते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने तासातून एकदा उठून दोन मिनिटं फिरायचं, ते यासाठीही.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल सुचवली आहे. अर्धा तास याप्रमाणे पाच दिवस. वेग असा हवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही.

धावण्याने गुडघे जातात ही भीतीही जरा तपासून घ्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात हौशी धावपटूंपैकी सुमारे साडेतीन टक्के जणांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात होता. न धावणाऱ्या, बैठ्या लोकांत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. स्पर्धांसाठी वर्षानुवर्षं प्रचंड अंतर धावणाऱ्यांत मात्र ते सर्वांत जास्त होतं. मुळात ज्यांचे गुडघे चांगले तेच धावत राहतात, हाही भाग त्यात असणार. तरी निरोगी गुडघ्याने बेताचं धावायला हरकत नाही.

घात होतो तो एकदम भार वाढवल्याने. पालख्या ज्येष्ठ वद्यात निघतात. वारीला चालायचं मनात असेल तर सराव चैत्रातच सुरू करा आणि आठवड्याचं अंतर साधारण दहा टक्क्यांनी वाढवत न्या. पर्वती किंवा सिंहगड चढणाऱ्यांनी उताराची काळजी घ्यावी. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, जिना उतरताना तो साडेतीनपटीच्या घरात जातो. चढताना धाप लागते म्हणून आपण चढाला घाबरतो, गुडघ्याला जास्त त्रास देतो तो उतार. गडावरून उतरताना काठी घ्या, पावलं लहान टाका, उड्या मारत येऊ नका.

पाचवी पायरी: वजन आणि ताट

वजन एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. दिवसाला पाच हजार पावलं धरली तरी हिशेब कुठे जातो बघा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथल्या प्रसिद्ध पाहणीत, दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन उतरलेल्या बायकांमध्ये गुडघ्याच्या दुखऱ्या संधिवाताचा धोका निम्म्याहून कमी झालेला दिसला. ते निष्कर्ष १९९२ मध्ये आले. पाच किलो म्हणजे काही अशक्य कोटीतली गोष्ट नाही.

सुरुवात चहापासून करा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर आणि सुमारे दीडशे कॅलरी. सोबतची बिस्किटं आणि खारी वेगळी. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केला तर जिभेला कळतही नाही. तेल महिन्याला माणशी अर्धा ते पाऊण लिटरच्या आत ठेवा. उपवासाने वजन उतरेल अशी आशा असेल तर 'एकादशी आणि दुप्पट खाशी' विसरू नका. साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप यांची वाटीभर खिचडी नेहमीच्या जेवणाइतकीच भारी पडते.

वजन उतरवताना स्नायू उतरू नयेत म्हणून प्रथिनं लागतात, आणि आपलं ताट नेमकं तिथेच कमी पडतं. साधारण किलोमागे एक ग्रॅम धरा: साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅम. वरणाच्या एका पळीत ते भागत नाही. दोन्ही जेवणांत वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, शिवाय दही-ताक, पनीर, अंडी, मासे, जे घरात चालतं ते हवं. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.) नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, हाडांसाठी ती चांगलीच.

वांगं, वाल, हरभऱ्याची डाळ, आंबट ताक बंद करायला सांगणारे पुष्कळ भेटतील. यांतलं काही तुम्हाला पचत नसेल तर जरूर सोडा, पण ते सोडल्याने गुडघ्याची झीज थांबते असं दिसलेलं नाही. उसळी आणि डाळी बंद झाल्या की प्रथिनं मात्र नक्की घटतात. आणि तूप प्यायल्याने सांध्यात वंगण वाढतं म्हणतात, तर पोटातून गुडघ्यापर्यंत तुपाला थेट वाट नाही. कंबरेला ते वाटेतच सापडतं.

सहावी पायरी: बसणं, उठणं, वाकणं

इथे दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो उकिडवं बसणं म्हणजे गुडघ्याचा सत्यानाश; दुसरा म्हणतो आजोबा नव्वदीपर्यंत तसेच बसत. निरोगी गुडघ्याने दिवसातून काही मिनिटं उकिडवं बसणं किंवा मांडी घालून जेवणं यात वाईट काही नाही. सांध्याची लवचीकता त्यामुळे टिकते. प्रश्न तासांचा आहे. बीजिंगमधल्या ज्येष्ठांच्या २००४ सालच्या अभ्यासात, तरुणपणी रोज तास-तास उकिडवं बसलेल्यांना गुडघ्याचा संधिवात जास्त आढळला. उकिडवं बसण्याला ओझं उचलण्याची जोड मिळाली की धोका आणखी वाढतो.

आपल्याकडे हे तास कुणाच्या वाट्याला येतात? खुरपणी-निंदणीला दिवसभर जाणाऱ्या बायका, धुणीभांडी आणि फरशी पुसण्याची कामं करणाऱ्या मावशी, फरश्या बसवणारे मिस्त्री. 'उकिडवं बसू नका' हे त्यांना सांगणं म्हणजे काम सोडा म्हणण्यासारखंच. त्यापेक्षा हे जमतं: दर वीस-तीस मिनिटांनी उभं राहून पाय सरळ करायचे, वीतभर उंचीचा पाट किंवा बुटकं स्टूल खाली घ्यायचं म्हणजे गुडघा पूर्ण मिटत नाही, मिस्त्रीकामाला गुडघ्याला जाड गादीचे पॅड बांधायचे. ओळीतल्या पिकाला सायकल कोळपं (उभ्याने ढकलायचं, चाकाचं तण काढायचं अवजार) चालत असेल तर उभ्याने बरंच काम होतं. ओळीत रोपांमध्ये उरलेलं तण तेवढं हाताने काढावं लागतं. घरी मोलकरीण येत असेल तर लांब दांड्याचा मॉप घेऊन देणं हा मालकिणीच्या बाजूचा उपाय आहे, आणि तो फार महागही नाही.

स्वयंपाकघरात विळीवर बसून तासभर भाजी निवडण्या-चिरण्यापेक्षा ओट्यावर सुरी बरी, किंवा टेबलावर बसवता येणारी विळी. संडास भारतीय पद्धतीचा असेल आणि घरात पन्नाशीपुढची माणसं असतील, तर भिंतीला मजबूत आडवी दांडी बसवून घ्या. पाण्याची एक भरलेली बादली एका हातात नेण्यापेक्षा दोन अर्ध्या बादल्या दोन हातांत न्या.

सातवी पायरी: दुखापत हलक्यात घेऊ नका

विशीतली गुडघ्याची दुखापत बऱ्याचदा चाळिशीत संधिवात होऊन परत येते. गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध (खेळाडू ज्याला एसीएल म्हणतात) तुटलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना पुढच्या दहा ते वीस वर्षांत झिजेची लक्षणं दिसतात. कबड्डीत चढाई करताना पाय पकडला जातो आणि अंग वळतं, तिथे गुडघा पिळवटतो. गावोगावच्या मैदानांवर मुलं अंग गरम न करता थेट सामन्यात उतरतात, हे बदलायला हवं. फुटबॉलसाठी फिफाने तयार केलेला '११ प्लस' हा वीस मिनिटांचा सराव धावणं, ताकद, तोल आणि उडी मारून नीट उतरणं यांचा आहे. नियमित केल्यास दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटतात. त्यातलं बरंचसं कबड्डीच्या मैदानावरही सहज करता येईल.

गुडघ्यात 'खट्' आवाज झाला, काही तासांत सूज आली आणि नंतर गुडघा निसटल्यासारखा वाटू लागला, तर मालिश करून पुढच्या सामन्याला उभं राहू नका. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. बोटं मोडण्याला मात्र घाबरायचं कारण नाही. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, दोन्ही हातांत काही फरक आढळला नाही आणि २००९ मध्ये त्यांना त्याबद्दल गमतीचं इग नोबेल मिळालं.

आठवी पायरी: बाकीच्या संधिवातांसाठी

आमवातात आपल्या हातातलं सर्वांत मोठं कारण म्हणजे विडी-सिगारेट. घरात आई किंवा मावशीला आमवात असेल तर धूम्रपान सोडण्याला दुप्पट अर्थ आहे. हिरड्यांचा जुनाट आजार आणि आमवात यांचा संबंधही अभ्यासांत वारंवार दिसला आहे. मिशरी हिरड्यांची वाट लावते, तेव्हा ती सोडायला हे आणखी एक निमित्त.

गाऊटसाठी बिअर, साखरेची शीतपेयं, कलेजीसारखे अवयव आणि तिसऱ्या-कालवं असे शिंपल्यातले प्रकार यांवर लगाम ठेवा. डाळी, पालक, फ्लॉवर बंद करायची गरज नाही: सुमारे ४७ हजार पुरुषांच्या १२ वर्षं चाललेल्या पाहणीत प्युरीनयुक्त (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं तो घटक असलेल्या) भाज्यांनी धोका वाढलेला दिसला नाही आणि दूधदुभत्याने तो कमीच झाला. काहीही लक्षण नसताना अहवालात युरिक ॲसिड थोडं जास्त आलं म्हणून लगेच गोळ्या सुरू होत नाहीत.

चिकुनगुन्याचा विसर पडू देऊ नका. ताप जातो, सांधे महिनोन्महिने धरलेले राहतात. १९७३ मध्ये बार्शीत त्याची साथ आली होती, मग तो तीन दशकं जवळजवळ गायब झाला आणि २००५-०६ पासून पुन्हा मुक्कामाला आला. पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि साध्या साठलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा तो या हिशेबाने: रांजण, कूलर, कुंडीखालची बशी आणि सगळे विसरतात तो फ्रीजमागचा ट्रे. भांडं नुसतं रिकामं करू नका, घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात.

गोळ्या आणि पावडरी

सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामिनच्या गोळ्यांनी झीज टळते याचा भरवशाचा पुरावा नाही. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे फार आढळते आणि ती असेल तर भरून काढावी, पण साठ हजार युनिटचं पाकीट दर आठवड्याला वर्षानुवर्षं मनानेच घेत राहणं धोक्याचं. वेदनाशामक गोळ्या रोजच्या रोज घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंड दोन्हींना इजा होऊ शकते. आणि लेबल नसलेल्या, 'जडीबुटीच्या' म्हणून पुड्यांतून मिळणाऱ्या पावडरीने दोन दिवसांत चमत्कार झाला, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या. काही महिन्यांत चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. अशी पावडर बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं

एकच सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप: त्याच दिवशी रुग्णालय गाठा, सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. गुडघा मध्येच अडकत असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, किंवा कारण नसताना वजन उतरत असेल तर त्या आठवड्यात दाखवा.

एक्स-रेमध्ये (दोन हाडांमधला) 'गॅप कमी झाला' असं ऐकून हादरू नका. फिल्मवरची झीज आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. बरीच झीज असलेले लोक आरामात चालताना दिसतात. डॉक्टरांना फिल्मबरोबर हेही सांगा: कोणत्या हालचालीला दुखतं, किती चालल्यावर दुखतं, सकाळचा ताठरपणा किती मिनिटं राहतो.

तो ताठरपणा तासाभराच्या वर जात असेल, बोटांच्या सांध्यांना सूज असेल आणि हे काही आठवडे चालू असेल, तर मालिश, काढा आणि 'हिवाळा आहे म्हणून असेल' यांत वेळ घालवू नका. थेट ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाततज्ज्ञ, गाठा. जवळ नसेल तर एमडी मेडिसिन डॉक्टर तपासण्या सुरू करून देतात. आमवातात सांध्यांचं कायमचं नुकसान पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकतं आणि औषध सुरुवातीच्या महिन्यांत मिळालं तर ते बरंचसं रोखता येतं.